टॅबलेटची खंडेनवमी

प्रयागबाईंनी विमान हा शब्द वर्षभर तोंडातून काढला नव्हता. त्या ‘तुही थे गाडी’ म्हणत. ‘या ऐतवारी तुही थे गाडी चालवणार हाये का?’ असं फोनवर विचारायचं आणि रंजीतानं हो म्हटलं की पुढचं काही न ऐकता फोन नवऱ्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा नेम. भीमपुरात कोणी विचारलंच, तर लेक नागपुरात कॉम्प्युटरचं काम करते एवढंच सांगत. ते खोटंही नव्हतं. सोमवार ते शुक्रवार रंजीता कॉम्प्युटरचंच काम करायची. शनिवार-रविवार मात्र शहराबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबात जाऊन विमान शिकायची, आणि हा शौक तिला कुठून लागला ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. घराण्यात आजवर सगळ्यात उंच चढलेला माणूस म्हणजे तिचे वडील फकिरा, आणि तेही दुकानाच्या पत्र्यावर, गळती बुजवायला.

दुकान शेतीच्या सामानाचं. फवारणीचे पंप, पाइप, दोर, विळे, ताडपत्र्या. दसऱ्याला रंजीता घरी आली, तेव्हा खंडेनवमीच्या आदल्या दुपारी ती त्याच दुकानाच्या काउंटरवर टॅबलेट ठेवून बसली होती. येत्या रविवारी तिचं एकटीचं शेवटचं लांब उड्डाण होतं. क्लबातून निघायचं, पैनगंगा ओलांडायची, आदिलाबादच्या जुन्या एरोड्रमवरून वळायचं आणि मधे कुठं न उतरता परत. ते झालं की परीक्षा, आणि परीक्षा झाली की खाजगी पायलटचं लायसन. वळायची जागा आदिलाबाद असावी म्हणून तिनं शिकवणाऱ्या अमरदीप सरांना महिनाभर गळ घातली होती. आपल्या मुलखावरून एकदा तरी उडायचं, हे तिनं पहिल्या दिवसापासून मनात धरलं होतं.

प्रयागबाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून परत जायच्या ऐवजी तिथंच थांबल्या. हेच मुळात नवल होतं.

"यात रस्ता दिसते का?"

रंजीता जपून बोलायला लागली. कारण माय आज पहिल्यांदा विचारत होती. "रस्ता नाही माय, रेघ असते. पाह्य, ही गुलाबी. इथून निघायचं, हे इथं वळायचं. वारा कुठून हाये, कितीव्या मिनिटाला कोणतं गाव खाली येईल, सारं यातच दिसते. लाल रंग दिसला तं तिकडं जायचं नाही. अन् हे बारकं विमान हाये ना, थे म्हंजे मी."

"अन् फोनात?"

"फोनात हवामानाचं ॲप हाये. अन् हेच नकाशाचं दुसरं, हे बंद पडलं तं लागते म्हणून."

प्रयागबाईंनी बोटानं नकाशा सरकवला, मोठा केला आणि नदीच्या वाकणाजवळचं भीमपूर शोधून काढलं. दुकानाचा पत्रा सापडल्यावर त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "सारं हेच सांगते, तं मंग तू काय करतं वं?"

आता इथं रंजीतानं नीट उत्तर द्यायला हवं होतं. पण माय हसलेली बघून तिला भरतं आलं आणि तिनं चेष्टा केली. "मी काय करते? बसून राह्यते. हेच उडवते मले."

प्रयागबाई हसल्या नाहीत. त्यांनी टॅबलेटकडे असं पाहिलं, जसं एखादी बाई लेकीला नेणाऱ्या ड्रायव्हरकडे बघते. मग त्या म्हणाल्या, "तू एकटी जाऊन नीट घरी आली, अन् थे लायसन का काय भेटलं, तं एक डाव मी बसन तुह्या इमानात."

आतल्या बाजूला फकिरा गिऱ्हाइकाला पाइप मोजून देत होते. त्यांचं मोजणं चुकलं आणि त्यांनी परत एकपासून सुरुवात केली. बायको इमान म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दुकानात पाट मांडून सगळी हत्यारं ओळीनं लावली होती. प्रयागबाईंची पूजा करायची एक रीत होती, ती त्यांच्या सासूनं शिकवलेली. कुंकू हत्याराच्या अंगाला लावायचं नाही, तोंडाला लावायचं. म्हणजे विळ्याच्या धारेला, पंपाच्या नळीच्या टोकाला, तराजूच्या पारड्याला, कात्रीच्या पात्याला. हत्यार जिथून काम करतं तिथं देव बसतो, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. रंजीता आंघोळीला गेली होती, तेवढ्यात बाईंनी तिच्या पिशवीतून टॅबलेट आणला, पाटावर ठेवला आणि उलटसुलट करून त्याचं तोंड शोधायला लागल्या.

"आवो, याचं तोंड कोणतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

फकिरांनी चष्मा लावून बघितलं. "वायर जिथून जाते थे असन. खाते तं तिथूनच."

झालं. बाईंनी करंगळीच्या टोकानं ओलं हळदीकुंकू त्या चिंचोळ्या भोकात अगदी मायेनं भरलं, वर कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. रंजीता केस पुसत दुकानात आली तर स्प्रेपंप आणि तराजूच्या मधे तिचा टॅबलेट नवरदेवासारखा बसलेला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. वर्षभर जी माय नावसुद्धा घेत नव्हती, तिनं आज ह्याला घरच्या हत्यारांच्या ओळीत घेतलं होतं. तिनं फोनवर फोटो काढला, मायला मिठी मारली आणि नंतर ओढणीच्या टोकानं काचेवरचं कुंकू हलक्या हातानं पुसून घेतलं. काच तेवढी पुसली. तोंडाकडे कोण कशाला बघतंय?

शनिवारी ती नागपूरला परतली. जेवण झाल्यावर टॅबलेट चार्जिंगला लावला, तेव्हा वायर जरा तिरकी बसल्यासारखी वाटली. तिनं दाबून बसवली. सकाळी पाहते तर अडतीस टक्के. लाइट गेली असेल, म्हणून तिनं पॉवरबँक पिशवीत टाकली आणि क्लब गाठला. तिथं विमानाजवळ अमरदीप सर उभेच होते. हा माणूस मूळचा आदिलाबादकडच्या उटनूरचा, वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, आणि मास्तरकी सरांच्या रक्तात उतरली होती. विद्यार्थी विमानाकडे निघाला की ते त्याच्या पिशवीत डोकं घालत.

"टॅबलेट किती?"

"अडतीस. पण पॉवरबँक आहे, सर."

"कागद?"

रंजीतानं मांडीला पट्ट्यानं बांधलेली पाटी दाखवली. तिच्यावर घडी केलेला नकाशा आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला तक्ता होता. कोणत्या दिशेला, किती मिनिटं, खाली काय दिसलं पाहिजे. हा तक्ता करायला तिला दोन तास लागले होते आणि मनातल्या मनात तिनं सरांना बऱ्याच शिव्या घातल्या होत्या. ॲपमध्ये तेच काम बोटाच्या एका टिचकीसरशी होत होतं.

"ध्यानात ठेव," सर म्हणाले, "ॲप म्हणजे जावई. आला तर पाहुणचार करायचा, पण त्याच्या भरवशावर पेरणी करायची नाही. आणि अडलीस तर रेडिओवर विचार. लाजायचं नाही."

हे जावयाचं वाक्य तिनं किमान पन्नास वेळा ऐकलं होतं. तिनं मान डोलावली आणि विमानात बसली.

पहिला तासभर सगळं कसं लोण्यासारखं गेलं. हवा स्वच्छ होती. टॅबलेटवर गुलाबी रेघेवरून ते बारकं विमान पुढं सरकत होतं आणि रेघ सुटली की रंजीता हलकेच परत रेघेवर येत होती. खाली सोयाबीन निघालेली रानं मोकळी पडली होती आणि कपाशीच्या पट्ट्या पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. तिनं एक गाणंही गुणगुणून घेतलं. सात टक्क्यांवर टॅबलेटनं पहिल्यांदा टूं केलं, तेव्हा तिनं पॉवरबँकेची वायर काढून परत घातली. चार्जिंगची खूण क्षणभर उमटली आणि विझली. ओल्या कुंकवाचं आता चांगलं लिंपण झालं होतं. समोर दूरवर पैनगंगेचं पाणी चकाकायला लागलं आणि बरोब्बर त्याच वेळी टॅबलेट काळाठिक्कर पडला.

बरं, फोन होता. तिनं विमान सरळ ठेवून फोन समोरच्या स्टँडला अडकवला आणि दुसरं ॲप उघडलं. आकाशात नेटवर्क नसलं तरी आपण कुठं आहोत हे फोनला उपग्रहावरून कळतं. फक्त खालचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा लागतो. नकाशा उघडला. नदीच्या अलीकडची गावं, नाले, रस्ते, सगळं होतं. नदीच्या पलीकडं नुसती पांढरी कोरी जागा, आणि तिचं बारकं विमान त्या कोऱ्यात शिरत होतं.

रंजीताला क्षणभर कळेना. आणि कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. ॲपमधे नकाशे राज्यवार उतरवायचे असतात. तिनं महाराष्ट्रावर टिचकी मारली होती आणि काम झालं म्हणून उठली होती. भीमपूर तेलंगणात आहे हे तिच्या गावीच नव्हतं. असणार तरी कसं? घरात मराठी, दुकानात नदीच्या दोन्ही काठांची गिऱ्हाइकं, आजोळ महाराष्ट्राच्या काठचं, दोन आत्याही तिकडंच दिलेल्या. तेलंगणा म्हणजे शाळेतला तेलुगूचा तास आणि सरकारी दाखल्यावरचा शिक्का. ज्या घरात नदी कधी सरहद्द नव्हती, त्या घरच्या पोरीला नदीच्या बरोब्बर मधोमध कळलं की ती सरहद्द आहे.

आता काय करायचं? परत फिरावं तर उड्डाण अर्धवट, आणि परीक्षक येत्या शुक्रवारी यायचे होते. पण खरं सांगायचं तर परीक्षेपेक्षा तिला मायचा चेहरा आठवला. ‘एकटी जाऊन नीट आली, तं मी बसन.’ हे वाक्य माय दुसऱ्यांदा बोलणार नव्हती. आज काही चुकलं तर विमानाची पुन्हा ‘थे गाडी’ होणार आणि जन्मभर गाडीच राहणार. उजवीकडं नदीचं ते ओळखीचं वाकण दिसत होतं. तिकडं वळलं की चार मिनिटांत भीमपूर, दुकानाचा पत्रा आणि अंगणात उभी असलेली माय. हात आपोआप उजवीकडं जायला लागला.

पण सरांनी हेच पढवलं होतं. हरवल्यासारखं वाटलं की माणूस ओळखीच्या जागेकडं वळतो आणि तिथंच खरा हरवतो. तिनं हात सरळ केला, होकायंत्राचा काटा तक्त्यातल्या आकड्यावर आणला आणि पाटीवर पेन्सिलनं लिहिलं: नदी, दहा एक्केचाळीस. तक्ता म्हणत होता, इथून आदिलाबाद सात मिनिटं.

"सात मिनिटं," ती मोठ्यानं म्हणाली. विमानात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. "सात मिनिटांत नाही दिसलं तर रेडिओवर विचारीन. लाजणार नाही."

एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला खाली हैदराबादेकडं जाणारा मोठा रस्ता सापडला, तक्त्यात लिहिलेल्या जागेपेक्षा जरासा डावीकडं. म्हणजे वारा तिला उजवीकडं ढकलत होता. तिनं काटा किंचित डावीकडं घेतला. हे तिला कोणत्याही रेघेनं सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ताडलं होतं. चौथ्या मिनिटाला तिनं परत घड्याळ बघितलं. पाचव्याला नुसती रानं आणि रानं. सहाव्याला चेरुवूचं, म्हणजे तळ्याचं, पाणी चमकलं, त्याच्या अलीकडं जिनिंगची पत्र्याची लांबच लांब शेडं आणि अंगणात कापसाचे ढीग. आदिलाबाद. सात मिनिटं झाली आणि एरोड्रम काही दिसेना. तिनं रेडिओच्या बटणावर अंगठा ठेवला. आणि मग विमानाच्या नाकाखालून ती जुनी करडी धावपट्टी हळूच पुढं सरकली, गवतानं कडा खाल्लेली, पण सरळसोट. लहानपणी बाबांबरोबर आदिलाबादच्या बाजाराला जाताना तिनं ती कंपाउंडच्या फटीतून बघितली होती.

रंजीता एकटीच हसली, मग रडली, मग नाक पुसून पाटीवर लिहिलं: दहा अठ्ठेचाळीस आणि अर्धं. अर्धं मिनिट उशीर. काहीच्या काही आनंद झाला होता तिला. तिनं ऐटीत वळण घेतलं आणि उत्तरेची वाट धरली. पैनगंगा ओलांडली तशी फोनवर गावं पटापट उगवायला लागली. तिनं फोनकडं एकदा बघितलं, म्हटलं ये बाबा जावया, आणि परत कागदावरच विमान चालवत क्लबावर येऊन उतरली.

अमरदीप सरांनी आधी पाटी वाचली, मग काळा पडलेला टॅबलेट हातात घेतला. तोंडाशी धरून बघितलं, खिशातून दात कोरायची काडी काढली आणि आत खुपसली. लाल भुगा बाहेर आला. मग पिवळा. आणि शेवटी तळहातावर तांदळाचा एक लालभडक दाणा पडला.

"हे काय?" सर म्हणाले.

"खंडेनवमी," रंजीता म्हणाली.

सर इतके हसले की त्यांना विमानाचा पंख धरून उभं राहावं लागलं. त्यांच्या आईनं असं काही केलं असतं का, असं तिनं चिडून विचारलं. आईनं नसतं केलं, पण शेजारणीनं नक्की केलं असतं, असं ते डोळे पुसत म्हणाले. हसणं सरल्यावर त्यांनी विचारलं, "घरी सांगणार?"

"छे. आई अपशकुन समजेल. आता कुठं तयार झालीय विमानात बसायला."

"म्हणजे ती तुझी पहिली प्रवासी."

"हो."

"मग तिला सांगावं लागेल." सर आता हसत नव्हते. "ज्या माणसाला आपल्या शेजारी बसवायचं, त्याच्यापासून विमानातली गोष्ट लपवायची नाही. एवढी एक गोष्ट जमली तर लायसन माग."

रंजीता झाडाखाली गेली आणि फोन हातात घेऊन दहा मिनिटं नुसती बसली. खोटं बोलणं किती सोपं होतं. पूजा लागू पडली माय, म्हटलं की मायही खूश, आपणही खूश. शेवटी तिनं डोळे मिटून फोन लावला. पहिल्याच घंटीला मायनं उचलला. म्हणजे फोन सकाळपासून हातातच असणार.

"आली का वं?"

"आली, माय. नीट आली. पण तुले एक सांगायचं हाये. रागावू नको." आणि तिनं सगळं सांगितलं. तोंडात भरलेलं कुंकू, तांदळाचा दाणा, नदीवर बंद पडलेला टॅबलेट, कोरा फोन, सात मिनिटं. काही गाळलं नाही. स्वतःची नकाशाची चूकसुद्धा सांगितली.

पलीकडं दुकानात कोणीतरी दोराचा भाव विचारत होतं, ते ऐकू येत होतं.

"म्हंजे माह्या कुंकवानं थे मशीन बंद पडलं," प्रयागबाई म्हणाल्या.

"हो."

"अन् फोनबी आंधळा झाला."

"हो, पण थे माह्या चुकीनं."

"अन् मशीन बंद, फोन आंधळा, तरी तू आदिलाबाद पाहून वापस आली?"

"आली."

"कशी?"

"कागदावर लिहून नेलतं. घड्याळ पाह्यलं. खाली पाह्यलं."

रंजीतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तूच म्हणे ना, मी बसून राह्यते, मशीनच उडवते म्हणून," प्रयागबाई म्हणाल्या. "वर्षभर मले झोप नाही. हातातला फोन बंद पडते, टीव्ही बंद पडते, मोटर बंद पडते. थे बंद पडलं तं वर माही लेक काय करन, हेच डोक्यात. म्हणून तं तोंडापर्यंत पूजा केली त्याची." त्यांनी नाक ओढलं. "आता पडलं बंद. पाह्यलं. आता कायचं भेव? लायसन आणजो. मी बसते."

लायसन जानेवारीत आलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्रयागबाई क्लबात आल्या. हिरवं नवं लुगडं, पायात फकिरांचे बूट, कारण चप्पल वर निसटली तर कोण आणून देणार होतं? फकिरा कुंपणाजवळ उभे राहिले आणि बायकोचे फोटो काढत सुटले. विमानात बसण्याआधी बाईंनी टॅबलेट मागून घेतला. पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक मोठी मरून टिकली सोडवली आणि वायरीच्या तोंडावर घट्ट चिकटवली. मग वरून कुंकवाचं बोट लावलं, अंगभर, सढळ हातानं. आता आत काही जाणार नव्हतं.

"भरलेलं हाये ना पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"अन् तेलंगणा?"

"उतरवला, माय. दोन्ही राज्यं उतरवली."

प्रयागबाईंनी मान हलवली, पट्टा पोटावर ओढून घेतला आणि टॅबलेट मांडीवर ठेवला. रंजीता इंजिन सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवून तिला थांबवलं.

"कागद घेतला का?"